अल्बायचं टेबल

आमच्या शेजारच्या एर्लिंडाला कुणी ‘फिलिपिनो जेवण’ म्हटलेलं खपत नाही. जर्सी सिटीला मुलीकडे राहायला आले, त्या पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये माझ्याकडून हा अपराध घडला. “वास छान येतोय, फिलिपिनो जेवण का?” एवढंच मी विचारलं होतं.

“मॅम सरला, बिकोल जेवण!” ती म्हणाली. मी शिक्षिका होते हे कळल्यापासून ती मला मॅमच म्हणते. “चौतीस वर्षं भूगोल शिकवलात ना? मग बिकोल ठाऊक नाही?”

नव्हतं ठाऊक, फिलिपिन्समध्ये असा एक प्रदेश आहे हे. बाराव्या मजल्यापर्यंत तिने मला बिकोलचे सहा प्रांत ऐकवले आणि लिफ्टचं दार पायाने अडवून परत माझ्याकडून म्हणून घेतले. मी मास्बाते विसरले. “बेट आहे म्हणून विसरायचं?” ती म्हणाली. मागे दोन माणसं ताटकळली होती.

एर्लिंडा अडुसष्ट वर्षांची, पाच फुटांच्या आत. मायोन ज्वालामुखीच्या पायथ्याचं, अल्बाय प्रांतातलं कामालिग गाव सोडून ती नर्स म्हणून इथे आली आणि एकोणचाळीस वर्षं हॉस्पिटलात राबली. तिचा नवरा रोदेल फेब्रुवारीत गेला. चौथ्या दिवशी मी भेटायला गेले, तर ती रडली नाही. उलट माझ्याबरोबर आमच्या घरी आली आणि आमचा फ्रीज नीट लावून दिला. तेव्हापासून आमच्या घरात कोथिंबीर सापडत नाही.

दर सप्टेंबरात एका रविवारी इथली बिकोल मंडळी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये जमतात. सहा प्रांतांची सहा टेबलं. सोर्सोगोनच्या टेबलावर साखरेत घोळवलेले पिली नावाचे बदामासारखे दाणे, कातान्दुआनेसचे खेकडे, कामारिनेस नोर्तेची अननसं. अल्बायचं टेबल एर्लिंडा आणि रोदेल मांडत. त्यावर तिचं लाइंग, म्हणजे वाळवलेली अळूची पानं, नारळाचं दूध, आलं, मिरच्या आणि सुकट. मी अलिबागची. ह्यातल्या एकाही जिनसाची ओळख मला करून द्यायची गरज नव्हती. तिने ती सविस्तर करून दिली.

यंदा मेळाव्याच्या समितीतल्या पेर्लाबाईंचा एर्लिंडाला फोन आला. त्या कामारिनेस सूरच्या. म्हणाल्या, एकटीने कशाला दगदग करता, तुमचं भांडं आमच्याच टेबलावर ठेवा.

“आमच्याच टेबलावर!” एर्लिंडा माझ्या ओट्यापाशी येऊन ओरडली. “यंदा भांडं ठेवू, पुढच्या वर्षी पाटी काढतील. रोदेलने रंगवलेली पाटी आहे ती, मॅम. टेबल राहिलंच पाहिजे, आणि त्यावर पोटभर लाइंग.”

“आई, प्लीज, तू ह्यात इन्व्हॉल्व्ह होऊ नकोस,” माझी सुनेत्रा म्हणाली. पण मी पिशवी घेऊन निघालेच होते.

आम्ही दोघींनी तीन भारतीय दुकानं पालथी घातली. एका दुकानातली पानं जून, दुसऱ्यातली पिवळी, तिसऱ्यातली चांगली होती तर दुकानदार एर्लिंडाला उर्मट वाटला. अखेर त्याच्याकडूनच सगळी घेतली. मग चार दिवस दोन्ही घरांच्या खिडक्यांत पानं वाळत पडली. सुनेत्राला पडदे ओढायची बंदी होती.

शनिवारी दुपारी एर्लिंडाकडे पातेलं चढलं. “हात लावायचा नाही,” एर्लिंडाने बजावलं. “नारळाचं दूध पानांत पूर्ण मुरेपर्यंत ढवळायचं नाही. ढवळलं की घसा खाजतो.” तेवढ्यात पेर्लाबाईंचा पुन्हा फोन आला आणि ती भांडायला आतल्या खोलीत गेली.

पातेल्यात रटरट वाजू लागलं. माझा सगळा जन्म अळू घोटण्यात गेलेला. डाव केव्हा हातात आला, मला कळलंच नाही. कळलं तेव्हा एर्लिंडा दारात उभी होती.

“ढवळलंत?”

“जरासं.”

ती खुर्चीवर बसली. रोदेल गेल्यावरसुद्धा मी तिला अशी बसलेली पाहिली नव्हती. आता नवी पानं वाळवायला चार दिवस कुठून आणायचे? मी चमचाभर तोंडात टाकलं. चव सुंदर होती. थोड्या वेळाने घसा खवखवला.

“चिंचेचा कोळ घालू या,” मी म्हटलं. “आम्ही घालतो. खाज मोडते.”

“लाइंगमध्ये चिंच?” ती उठली. “कामालिगमध्ये मला गावाबाहेर काढतील! मॅम, तुम्ही घरी जा.”

मी चिंचेची पुडी तिच्या ओट्यावर ठेवली आणि घरी आले. रात्री जेवण गेलं नाही. इतकी वर्षं मुलांना सूचना नीट वाचा म्हणून सांगितलं, आणि माझीच ही तऱ्हा.

रविवारी मी चोरासारखी हॉलमध्ये शिरले. कोपऱ्यात अल्बायचं टेबल होतं, पाटी होती, आणि पाटीखाली पातेलं. एर्लिंडाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पेर्लाबाई बशी भरून घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एक घास घेतला, मग दुसरा. मी त्यांच्या घशाकडे बघत होते.

“ह्यात काहीतरी आंबट आहे का?” त्यांनी विचारलं.

“अल्बायमध्ये असंच करतात,” एर्लिंडा म्हणाली. डोळ्याची पापणी हलली नाही. “तुमच्या कामारिनेस सूरमध्ये ठाऊक नसेल.”

मला ठसका लागला. तिने माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि पायावर पाय दिला, जोरात.

पेर्लाबाईंनी पुन्हा बशी भरली. दोनच्या सुमाराला पातेलं खरवडून झालं, आणि समितीच्या वहीत पुढच्या वर्षीच्या सहा टेबलांपुढे सहा नावं लिहिली गेली. अल्बायपुढे एर्लिंडाने आपलं नाव लिहिलं आणि पेन माझ्यापुढे केलं.

“मी अलिबागची आहे,” मी म्हटलं.

“सही करा, मॅम. पण डावाला हात लावायचा नाही.”

परतताना गाडी ती चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर समोर बघतच तिने विचारलं, “ती चिंच बाहेर ठेवली तर किती दिवस टिकते?”