बंद केलेली सकाळची गाडी

मी कॉम्प्युटरवर पोट भरणारा माणूस. भुताखेताच्या गप्पा रंगल्या की मोबाईल काढून बसणारा... त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय. पण या प्रसंगाची मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटते.

आमची पुण्यातली छोटी कंपनी बसचं वेळापत्रक आपोआप लावणारं सॉफ्टवेअर बनवते. आंबेगाव-जुन्नरकडच्या एका डेपोचं काम आमच्याकडे होतं. तळेघरच्या पुढे एक वाडी आहे. तिथल्या सकाळच्या गाडीला प्रवासी कमी, म्हणून सिस्टिमने ती काढून पेठ-मंचर मार्गावर टाकली. ओके मीच केलं. हायवेवरचे लोक खूश झाले, माझं कौतुकही झालं.

काही महिन्यांनी लोकांचं म्हणणं ऐकायला मी बाईकवरून सकाळीच त्या वाडीत गेलो — शिव्या खायची तयारी ठेवून. पहिल्याच घरात हौसामावशी भेटल्या. बसच्या कामाचा माणूस म्हटल्यावर त्यांनी सतरंजी टाकली, चहा दिला. त्यांचे यजमान कोंडाजीबाबा यांचं मंचरला डायलिसिस चालू होतं. आठवड्यातून दोनदा जावंच लागायचं.

"तुमची सकाळची गाडी हाय म्हणून ह्यो माणूस जित्ता हाय, भाऊ," मावशी म्हणाल्या. "एक दिस बी खाडा न्हाई केला तुमी."

मला वाटलं, टोमणा मारतायत. पण नाही, त्या मनापासून बोलत होत्या. गाडी तर कधीच बंद झाली होती. त्या वाटेला दुसरं वाहन फिरकत नाही... आणि बाबा माझ्यासमोर बशीतून चहा पीत होते.

मी काही बोलायच्या आत दोघं निघालेसुद्धा. त्या दिवशीही जायचं होतं. मी मागोमाग फाट्यापर्यंत गेलो. वाटभर मनात जुळवत होतो — मावशी, गाडी येणार नाही, ती मीच बंद केली, बाबांना मी बाईकवर नेतो...

गाडी आली.

चांगल्या लख्ख उन्हात, लाल, चाकांना चिखल लागलेली. कंडक्टर खाली उतरला, बाबांना दंडाला धरून वर घेतलं. मग मला शांतपणे विचारलं, "तुमी येताय का, साहेब?"

मी नुसती मान हलवली, नाही म्हणून. त्याच्याकडे वर बघायचं धाडस झालं नाही.

गाडी वळणाआड गेली तेव्हा मोबाईल काढला. गाड्या कुठे आहेत ते दाखवणाऱ्या आमच्या स्क्रीनवर त्या रस्त्याला एकही गाडी नव्हती. डेपोत फोन केला. तिकडे कुठलीच गाडी पाठवली नव्हती. बाईक दामटत मंचर गाठलं, वाटेत गाडी दिसली नाही. पण हॉस्पिटलमध्ये बाबांना मशीन लावलेलं होतं, मावशी बाहेर बाकावर.

मी ती गाडी सिस्टिममध्ये परत घातली. सुरू झाली त्या दिवशी स्वतः तिच्यातून गेलो. मावशी बाबांना घेऊन चढल्या आणि मला हळूच म्हणाल्या, आधीचा कंडक्टर लई चांगला व्हता, त्याला का बदललं?

बदली झाली, असं मी सांगितलं.

ती गाडी कुणाची होती, तो माणूस कोण, मला आजही सांगता येत नाही. डेपोत विचारून झालं, सगळा डेटा चाळून झाला... काही नाही. त्या दिवशी उतरताना मावशींनी घरच्या नव्या तांदळाची पिशवी माझ्या हातात दिली. गाडी बंद होऊ दिली नाही, म्हणून.

मी ती घेतली.