उतरवलेले घर

आमच्या वस्तीला फसवले ते सरकारी साहेबाने. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. मुंबईचा रस्ता रुंद व्हायचा होता आणि पिंपरीत त्याच्या कडेला आमच्या झोपड्या होत्या. साहेब म्हणाला, "आपल्या हाताने उतरवा, पत्रे वाचतील. दुसरीकडे जागा लगेच मिळेल." मी नगरकडून रिकाम्या हाताने येऊन जुन्या पत्र्यांच्या धंद्यावर उभा राहिलेला माणूस. पत्रा वाचतो म्हटल्यावर सगळ्यांआधी मीच शिडी लावली. मग जागा वाटायला दुसरा साहेब आला. त्याने हिशेबात फक्त उभी घरे धरली. मला म्हणाला, "तुमचे घर कुठे आहे? मला तर दिसत नाही."

मी कचेरीत आरडाओरडा केला. मामलेदार म्हणाले, रस्ता दिल्ली सरकारचा. ग्रामपंचायत म्हणाली, जागा मामलेदारांची. इकडे बायकोचे दिवस भरलेले. पत्र्यांच्या आडोशाला ती बसून असायची. मूल उघड्यावर जन्मणार, ही धास्ती होती. देवाला हात जोडायचे सोडून मी त्याच्याशी भांडत होतो.

एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या. बाजारात कांदे उतरवून देहूकडे परतणारा एक म्हातारा गाडीवान आपणहून थांबला.

"बसवा बाईला. धर्मशाळेत बायामाणसं हायती."

सवयीने माझ्या तोंडून निघाले, "भाडं किती घेणार?"

"राव, तुमी घासाघीस करीत बसा, पोर काय थांबायचं न्हाई!"

कळा सोसतानाही बायको हसली. भाडे न ठरवता मी आयुष्यात पहिल्यांदा गाडीत बसलो. वाटभर तिचा हात धरून "विठ्ठला, आता तूच बघ" एवढेच म्हणत राहिलो. देहूच्या धर्मशाळेतल्या बायकांनी तिला आत घेतले आणि थोड्याच वेळात मुलीचे रडणे ऐकू आले. मी बाहेर धावलो, तर गाडी नव्हती. पुढे पुष्कळ चौकशी केली. त्या गाडीवानाला कुणी ओळखत नाही. तो कोण होता याचा वाद मी घालत नाही. जिथे माझी अक्कल संपली तिथे कुणीतरी हात दिला, एवढे मला पुरते.

मुलगी आता चालते. आम्ही अजून त्याच धर्मशाळेच्या ओसरीवर आहोत. कुणी उठा म्हणत नाही, पण ओसरी म्हणजे घर नव्हे. देवापुढे मी मान तुकवली आहे, कचेरीपुढे नाही. घर उतरवा म्हणून कुणी सांगितले, आणि उतरवलेले घर धरायचे नाही हे कुणी ठरवले? त्याने माझ्या मुलीसमोर उभे राहून सांगावे, तिने आपले घर कुठे म्हणून सांगायचे?