डावीकडची बरणी

धाकटा गेला त्या दिवशी फ्रेमवाला कोन कापत बसला होता. फ्रेमचे चार कोन नीट जुळले नाहीत तर कोपऱ्यात फट राहते, आणि कितीही पुट्टी भरली तरी ती फट दिसतेच. म्हणून त्याने मान वर केली नाही. धाकटा पिशवी घेऊन जिन्याच्या पायथ्याशी उभा होता.

"दादा, तूही चल. तिकडे वरची खोली रिकामीच आहे. तीही म्हणतेय."

ती म्हणजे धाकट्याची बायको. नर्स होती. दुकानातली काच उचलताना धाकट्याचं बोट कापलं, टाके घालायला तो दवाखान्यात गेला, आणि टाके काढायला गेला तो लग्न ठरवूनच परत आला. पन्नाशीला टेकलेला माणूस! फ्रेमवाला ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला हसत हसत सांगायचा. मग तिची दुसऱ्या गावी बदली झाली, धाकटाही निघाला, आणि तेव्हापासून फ्रेमवाला ती गोष्ट सांगेनासा झाला.

"दुकान कोण बघणार?" तो म्हणाला. आणि मग, करवत थांबवून, "तुझ्यावाचून काय अडणार आहे माझं?"

दुकानात गिऱ्हाईक होतं. धाकट्याने आवाज खाली आणला.

"रंगाचं अडेल."

"अडलं तर बघीन मी माझं."

धाकट्याने पिशवी उचलली. ब्रशांची गुंडाळी त्याने बरोबर घेतली होती. रंग सगळे दुकानावरच्या घरातच ठेवले होते.

फ्रेमवाल्याला हिरवा रंग आणि तपकिरी रंग वेगळे दिसत नाहीत. लहानपणी, दोघं शाळेत एकाच वर्गात बसत तेव्हा, त्याने एक झाड रंगवलं, पानं विटकरी आणि खोड हिरवं. शेजारी बसलेल्या धाकट्याने ते पाहिलं, बाईंचं लक्ष जायच्या आत स्वतःची वही पुढे सरकवली, आणि स्वतःच्या झाडाबद्दल दादाला शाबासकी मिळवून दिली. तेव्हापासून टोमॅटो पिकला की नाही, शर्टाला कुठली पँट चालेल, सिग्नल पडला की सुटला, हे सगळं धाकटा हळूच सांगायचा. कोपराने डिवचायचा नुसता. आईला माहीत होतं. आई गेल्यावर हे फक्त दोघांत राहिलं. लोक त्यांना जोडी म्हणायचे. जोडी कशाने जुळली आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं.

धाकटा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. छापील बॅनर आले आणि ते काम बसलं. त्याच सुमारास एक माणूस फ्रेमच्या दुकानात आला आणि बोटाएवढा दरवाजा करून द्याल का, असं विचारू लागला.

हा माणूस विमा कंपनीत होता, पण त्याला सगळे मास्तर म्हणायचे. दर रविवारी दुपारी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत पाच जण टेबलाभोवती बसायचे आणि मास्तर एक गोष्ट सांगायचा. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. कोण योद्धा, कोण चोर. काय करायचं ते आपापलं ठरवायचं आणि जमलं की फसलं ते फासे टाकून बघायचं. प्रत्येकाची अंगठ्याएवढी बाहुली टेबलावर असायची. त्या बाहुल्यांना राहायला घरं लागत, ओलांडायला पूल लागत, पडायला विहिरी लागत.

"खेळण्यातलं घर का?" फ्रेमवाल्याने विचारलं होतं.

"खेळण्यातलं नाही काका. खरं घर. फक्त लहान."

हे उत्तर त्याला आवडलं. तिथून दोघा भावांना वेडच लागलं. फ्रेमवाला गरम तारेने फोम कापायचा. चांदीच्या कागदाचा बोळा करून तो भिंतीवर दाबला की दगडाचा खडबडीतपणा उमटतो, बोथट पेन्सिलीने रेघा ओढल्या की फळ्या होतात, हे तो करून करून शिकला. आइस्क्रीमच्या काड्यांची दारं. पुठ्ठ्याची कौलं, एकेक कापून चिकटवलेली. मग सगळ्यावर पातळ केलेला पांढरा गोंद आणि काळा थर. आणि तिथून पुढे धाकटा. "इथे ओल आलीय," म्हणत तो भिंतीच्या तळाशी ब्रश टेकवायचा. "या घरात चूल आहे, धूर वर गेलाय." बोलत बोलत रंगवायचा. फ्रेमवाल्याला त्यातलं निम्मं दिसायचं नाही. तो ऐकायचा.

खेळायला मात्र दोघंही कधी बसले नाहीत. खोका पोचवायचा, कापड काढायचं, "वा!" ऐकायचं आणि जिना उतरायचा. खाली आल्यावर धाकटा मास्तरची नक्कल करायचा.

धाकटा गेल्यानंतर मास्तर आला. कित्येक वर्षं चाललेली गोष्ट संपत आली होती.

"शेवटचं गाव हवंय काका. जिथून हे सगळे पहिल्यांदा निघाले ते. आता परत येतायत. हिरवंगार हवं, बरं का. घरी आल्यासारखं वाटलं पाहिजे." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "छोटे काका कुठे दिसत नाहीत?"

"गेलाय बायकोबरोबर."

"मग रंगाचं कसं?"

"मी काय हातात बांगड्या भरल्यात?" फ्रेमवाला म्हणाला.

त्याने खरंच काही अडू दिलं नाही. गाव बांधताना तो स्वतःवरच खूश होता. सात घरं, पाणचक्की, दोऱ्याला बांधलेल्या मण्याची बादली असलेली विहीर. रंगांच्या बाटल्यांवर नावं छापलेली होती, ती वाचायची आणि लावायचं. धाकट्याचं बोलणं आठवायचं. इथे ओल. इथे धूर. चुकून तो मोठ्याने बोलायला लागला की थांबायचा. वरच्या दोन खोल्यांत आता आवाज फार मोठा वाटे. कुकरची शिट्टी झाली तरी तो दचकायचा.

एका सुट्टीच्या दिवशी त्याने धाकट्याची खाट आवरली. गादी गुंडाळली आणि खाटेसकट माळ्यावर टाकली. मग कोपरा रिकामा दिसायला लागला म्हणून तिथल्या भिंतीवरची फळी पुसायला घेतली. फळीवरचे डबे, बरण्या खाली काढल्या, धूळ झटकली, जुना कागद बदलला, सगळं परत मांडलं. त्याला जरा बरं वाटलं. घर माणसाचं दिसलं पाहिजे, असं तो स्वतःशीच म्हणाला.

गवत राहिलं होतं. हे गवत विकत मिळत नसे. फ्रेम कापताना पडणारा भुसा धाकटा चाळायचा, रंगात भिजवायचा, वर्तमानपत्रावर वाळवायचा आणि बरण्यांत भरून त्याच फळीवर ठेवायचा. डावीकडच्या बरणीत गवत, उजवीकडच्या बरणीत पाचोळा. चिठ्ठी लावायची त्याला कधी गरज पडली नाही. फ्रेमवाल्याला दोन्हीही सारख्याच मळकट दिसत, पण डावं-उजवं त्याला पाठ होतं.

त्याने डावीकडची बरणी घेतली. गावभर गोंद लावला आणि चिमटीने भुसा भुरभुरायला लागला. भुसा बोटांना जरा जाड लागला.

"आळशी," तो म्हणाला. "शेवटी शेवटी नीट चाळलंसुद्धा नाही. जायचे वेध लागले होते ना."

त्या जाड भुशाचा त्याला राग आला आणि त्या रागात त्याने उरलेलं सगळं गाव पुरं केलं. अंगणं, टेकडी, विहिरीचा काठ, नदीची बाजू. एवढीशी जागा सोडली नाही.

रविवारी दोन्ही हातांनी खोका धरून तो सायकलच्या दुकानावरचा जिना चढला. खोलीत सगळे जमले होते. त्यांतला सहा फुटी गडी गोष्टीत बुटका होता म्हणून त्याला बुटका म्हणत. दातांच्या डॉक्टरीण बाई चेटकीण होत्या. फ्रेमवाल्याने गाव टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि कापड काढलं.

कुणी "वा!" म्हणालं नाही.

"अरे, हे तर..." बुटक्याने तोंड उघडलं. चेटकिणीने त्याला टेबलाखालून लाथ मारली असावी, कारण तो गप्प होऊन पाय चोळू लागला.

मास्तर गावाकडे बघत राहिला. मग त्याने फ्रेमवाल्याकडे पाहिलं. फ्रेमवाला हसत होता. केवढ्या अभिमानाने हसत होता तो.

"काका," मास्तर म्हणाला, "आज बसा ना थोडा वेळ."

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच. फ्रेमवाला भिंतीशी असलेल्या स्टुलावर बसला. मास्तरने घसा साफ केला.

"तुम्ही टेकडी चढून वर येता. खाली तुमचं गाव आहे. घरं तशीच आहेत. पाणचक्की आहे. विहीर आहे." तो थांबला. शब्द जुळवत होता. "पण गवत मेलंय. सगळं. टेकडीपासून नदीपर्यंत सगळं तपकिरी पडलंय. एक हिरवं पातं नाही."

फ्रेमवाला गावाकडे बघत राहिला. त्याला ते छान दिसत होतं. अजूनही. मग त्याला फळी आठवली, नवा कागद आठवला, आणि आपल्याच हातांनी परत मांडलेल्या बरण्या आठवल्या.

उठून जावं असं त्याला वाटलं. दार टेबलाच्या पलीकडे होतं.

"माणसं आहेत का गावात?" चेटकिणीने विचारलं. तिचा आवाज बदलला होता. ती आता गोष्टीत होती.

"बरेचसे सोडून गेले," मास्तर म्हणाला. "एक म्हातारा राहिलाय."

"खडूस असणार," बुटका म्हणाला. "एकटे राहतात ते सगळे खडूस असतात. मी विचारतो त्याला. ए आजोबा! सगळे गेले, तुम्ही का नाही गेलात?"

मास्तरला पुढचं सुचलं नसावं. की सुचलं होतं, कोण जाणे. तो स्टुलाकडे वळला. "काका, तुम्हीच सांगा. गाव तुम्ही बांधलंय. का नाही गेला हा?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. फ्रेमवाल्याचे हात मांडीवर होते. नखांत अजून भुसा होता.

"त्याला माहीतच नाही," तो म्हणाला.

"काय माहीत नाही?"

"गवत मेलंय ते. त्याला हिरवंच वाटतंय."

खाली सायकलच्या दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं.

"असं कसं?" चेटकिणीने हळूच विचारलं. "दिसत नाही का त्याला?"

"दिसतं. रंग कळत नाही. भाऊ सांगायचा त्याला. तो भाऊ गेला."

"मेला?"

"छे! मरतोय कशाला. चांगला धडधाकट आहे. दुसऱ्या गावी गेला."

"हात्तिच्या!" बुटका म्हणाला. "मग हाक मारायची की. माझा आवाज देऊ का उसना?"

सगळे हसले. फ्रेमवालाही हसला.

"ह्यानेच त्याला जा म्हटलंय," तो म्हणाला. "तुझ्यावाचून अडत नाही म्हणालाय. आता कुठल्या तोंडाने हाक मारणार?"

बुटक्याने टेबलावर थाप मारली. "काका! नट आहात की हो तुम्ही! काटा आला अंगावर. इतके दिवस लपून कुठे बसला होतात?"

"झकास," चेटकीण म्हणाली. "मास्तर, असा शेवट तुला जन्मात सुचला नसता. हे आधी ठरवलं होतंत ना तुम्ही दोघांनी?"

मास्तरने नुसते फासे पुढे सरकवले. म्हाताऱ्याला घेऊन शत्रूच्या किल्ल्यावर जायचं असं ठरलं, फासे पडले, कुणीतरी ओरडलं, सगळे टेबलावर ओणवे झाले. फ्रेमवाला थोडा वेळ त्यांच्या पाठी बघत बसला. मग "येतो," म्हणून उठला. ते कुणाला ऐकू गेलं नाही. जिना उतरताना बुटक्याचा आवाज येत होता, "आजोबांना मागे ठेवा रे, आजोबांना लागेल!" खाली येऊन तो सवयीने थांबला. नक्कल करायला शेजारी कुणी नव्हतं.

घरी ऊन अजून होतं. खुशालीचे फोन आजवर नेहमी भावजयच करायची. तिच्यामागे धाकट्याचं खोकणं ऐकू यायचं आणि फ्रेमवाला म्हणायचा, "ठीक आहे सगळं, सांगा त्याला." आज त्याने स्वतः फोन लावला.

"दादा?" धाकटा घाबरलाच. "काय झालं? बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय. एक विचारायचं होतं. गवताची बरणी डावीकडची ना?"

"डावीकडची. का?"

"मी फळी पुसली."

मग धाकटा हळूच म्हणाला, "किती लावलंस?"

"गावभर."

"पाचोळा? गावभर?" आणि त्याला हसू फुटलं. लहानपणी फुटायचं तसं, नाकातून. "देवा! मास्तर काय म्हणाला?"

"छान झालंय म्हणाले. मला नट म्हणाले."

"दादा, अरे, पण चिमटीत धरल्यावर कळलं नाही तुला?"

"काय कळायचं?"

"जाड होता ना भुसा? गवत बारीक चाळणीचं आहे, पाचोळा जाड चाळणीचा. तुझ्यासाठीच तसं करायचो. म्हटलं, डोळ्यांनी नाही तर बोटांनी तरी कळेल. किती वर्षं करतोय." तो थांबला. "सांगितलं नव्हतं का मी?"

"नाही."

"मला वाटलं तुला माहीत आहे."

फ्रेमवाला खाटेच्या जागी उभा होता. खाट नव्हती म्हणून उभा होता. त्याने दुसऱ्या हाताने उजवीकडची बरणी उघडली, दोन बोटं आत घातली. भुसा मऊ होता, पिठासारखा.

"जाड लागला होता," तो म्हणाला. "मला वाटलं, तू आळस केलास."

"बरं."

"अडलं रे."

"काय म्हणालास?"

"काही नाही."

"नाही, नाही, पुन्हा म्हण. ऐकू नाही आलं."

"सगळं ऐकू आलंय तुला. ठेव आता." पण त्याने ठेवला नाही. "येशील कधी?"

मागून भावजय काहीतरी विचारत होती, जेवलात का विचार म्हणत होती बहुतेक. धाकट्याने तिला थांबवलं.

"बघतो दादा. इथे एका शाळेच्या भिंती रंगवायला घेतल्यात. तेवढं झालं की बघतो."

"हो, हो. ते आधी कर. काम टाकून येऊ नकोस."

फोन ठेवल्यावर त्याने दोन्ही बरण्या टेबलावर घेतल्या. पांढऱ्या कागदावर एक चिमूट इकडे ठेवली, एक चिमूट तिकडे. दिवा लावला नाही. एकदा या ढिगात बोट फिरवलं, एकदा त्या ढिगात. मग गवताची बरणी उचलून फळीवर डावीकडे ठेवली.