गाम गया छे

उज्ज्वला संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली, त्याचं सुरतेच्या नवागाममधल्या खानदेशी गल्लीत कुणाला फारसं काही वाटलं नाही. तिची आई शोभाबाई विचारणाऱ्याला एवढंच सांगायची, "पोर दवाखानामा हिसाब लिखस."

हिशेब माणसांचाच होता. कॅन्सर सापडल्यावर कोण किती जगतो, हे उज्ज्वला सुरतेतल्या एका इस्पितळासाठी मोजायची. नोकरी कच्ची होती. १९९४ साली मोठ्या डॉक्टरांनी शब्द दिला: अहवाल मुंबईच्या परिषदेत गेला की नेमणूक पक्की. अहवालही असा झकास, की पॉवरलूमवरचे आणि पलसाण्याच्या कापड रंगवायच्या गिरण्यांतले खानदेशी कामगार शहरातल्या रुग्णांपेक्षा जास्त जगत होते. डॉक्टरांना आभाळ ठेंगणं झालं.

जो रुग्ण यायचा थांबे, त्याच्या घरी इस्पितळाचा माणूस जाई. परत येऊन गुजरातीत सांगे, "गाम गया छे," गावी गेलेत. अशाला शेवटचा दिसला तोवर जिवंत धरायचं, मग मोजणीतून बाजूला काढायचं, पुढे इतरांचं होईल तेच त्याचं, असं समजायचं. नियम शास्त्राचा होता, तिच्या पदरचा नव्हता.

एका संध्याकाळी शोभाबाई दारातून म्हणाली, "लोटूनाना गावले गया. हातरुन बी ली गया."

शेजारचे नाना कॅन्सरने आजारी होते, आणि आता अंथरूणही सोबत नेलं होतं. नाना आता परत येणार नाहीत, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. डॉक्टरांनी हात टेकले की खानदेशी माणूस मरायला गावी जातो, हे गल्लीतलं शेंबडं पोरही जाणतं. आईच्या तोंडून ऐकलं की ती माणूस गेलाच असं धरायची. तेच गुजरातीत ऐकलं की ती पेन उचलून पुढच्या नावाकडे वळायची. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दिवाळीच्या सुट्टीत ती अमळनेर, पारोळा, शिंदखेड्याकडची गावं फिरली. 'गाम गया' लिहिलेल्या रुग्णांची दारोदार चौकशी केली. बहुतेक घरांत तो माणूस उरला नव्हता.

नोकरी जाईल, हे तिला दिसत होतं. तरी तिने आकडे बदलले. खानदेशी कामगार आता सगळ्यांत आधी मरत होते.

डॉक्टरांनी कागद टेबलावर आपटला. "महिन्याभरात इतकी माणसं मेली कशी?"

"ती केव्हाच मेलीत, साहेब," उज्ज्वला म्हणाली. "जिवंत मी धरली होती."