वहिनीला रडवायला नेलं तेव्हा

मी पाहिलेला सर्वांत दुःखी सिनेमा कोणता, असं कुणी विचारलं तर मी नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक त्यातली गाणी म्हणू लागतात.

तो हुमनाबादच्या जत्रेत तंबूत आला होता. त्याची जाहिरात बैलगाडीतून गावोगाव फिरली. गाडीवर रडणाऱ्या बाईचं चित्र, आणि कर्णा घेतलेला माणूस ओरडत होता की येताना दोन फडकी आणा, एक पुरणार नाही. माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, ही जाहिरात फारच मनावर घेतली.

"वहिनीला घेऊन जा," ते मला म्हणाले. "पोटभर रडू दे. चार वर्षं झाली, डोळ्यात टिपूस न्हाई. रडलेली बाई ऐकती."

तिनं ऐकायचं होतं ते असं. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या सालात माझा थोरला भाऊ तुरीच्या गाड्या घेऊन गुलबर्ग्याला गेला, तो परतलाच नाही. गाड्याही नाहीत, बैलही नाहीत. आता सोमवारी जंगमस्वामी निर्ण्याला आमच्या घरी येणार होते. आमच्या लिंगायतांत माणसाला पुरतात. पुरायला माणूस नव्हता, म्हणून स्वामींनी तोड काढली होती की खड्ड्यात भावाचा डोक्याचा रुमाल ठेवायचा आणि वहिनीनं बांगड्या उतरवायच्या. विधवेला अशुभ मानू नये, असं आमच्या पंथाची वचनं सांगतात. स्वामींना ती सगळी पाठ होती.

पण वहिनी 'व्हय' म्हणाल्याशिवाय खड्डा खणायचा नाही, एवढं आईनं अडवून धरलं होतं. आणि वहिनी म्हणत नव्हती. कमठाण्याचा एक माणूस, त्याला मेला धरून त्याच्या नावानं जेवणाच्या पंगती उठल्यावर दोन वर्षांनी, स्वतःच्या दारात येऊन पाणी मागत उभा राहिला होता. हे तिला कुणीतरी सांगितलं होतं.

यात माझाही स्वार्थ होता. माझं लग्न ठरत आलं होतं. मुलीकडच्यांचं म्हणणं, घरात थोरला आहे की नाही ते आधी नक्की करा. मुलगी मला पसंत होती. तेव्हा मी गाडी जुंपली.

तंबूत बायकांची बाजू कापडी पडद्यानं वेगळी केलेली होती. मी पडद्याला लागून अलीकडे बसलो. आधी कोटवाले एक साहेब कलेच्या उन्नतीवर बोलले. उन्नती लांबत गेली, तेवढ्यात मी दारात घेतलेलं गाण्यांचं पुस्तक दोनदा वाचून काढलं. पुढे गोष्टही छापली होती. नवरा जहाजावर जातो, मध्ये एकदा घरी येतो, पुन्हा जातो, बुडतो. बायको उंबऱ्यावर बांगड्या फोडते. समाप्त.

यंत्र एकच होतं. फिल्मचा एक डबा संपला की दिवे लागत, मग दुसरा डबा चढे. बराच वेळ गेला तरी पुस्तकातल्यासारखा नवरा मध्ये घरी काही येईना. एकदम जहाजच बुडालं. बायको उंबऱ्यावर बसली, बांगड्या फुटल्या, आणि पडद्यापलीकडे हुंदके सुरू झाले. त्यात वहिनीचा आवाज शोधत मी कान लावून बसलो. शरम वाटत होती, तरी कान काढवेना.

दिवे लागले. पुन्हा विझले. आणि नवरा दार ढकलून घरात आला.

मला लगेच कळलं. डबे मागेपुढे झाले होते. दुसरीकडे लोकांनी शिट्ट्या मारल्या असत्या. इथे कुणी हसलंसुद्धा नाही. माझ्यापुढचा म्हातारा हळूच म्हणाला, "आला की."

पडद्यापलीकडे एक बाई म्हणाली, "अगं, बांगड्या तर फोडल्या हुत्या. हातात कशा?"

"परत भरल्या असतील," दुसरी म्हणाली. "भरल्या म्हणूनच आला की त्यो."

तो डबा संपला आणि सिनेमाही तिथेच संपला. यंत्रवाला डब्यांवरचे आकडे बघत उभा होता. त्यानं एकदा लोकांकडे पाहिलं आणि पेटी गुपचूप बंद केली.

वहिनी बाहेर आली. तिचे डोळे कोरडे होते. ती थेट कासाराच्या पालापुढे जाऊन बसली आणि हात पुढे केला. "हिरव्या भरा."

कासार तिची बोटं दाबून एकेक बांगडी चढवू लागला. माझ्या खिशात पुस्तक होतं. बोलायचं तर हात भरायच्या आत बोलायला हवं होतं. दोन चढल्या. तीन.

"भावजी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही पुस्तक वाचायलाव बसल्या बसल्या, असं दिसलं पडद्याच्या फटीतून. त्यात असंच हाय का?"

कासारानं चौथी उचलली होती. ती मी मनगटावर येऊ दिली.

"असंच हाय," मी म्हणालो.

घरी अप्पा दारातच होते. "रडली का?"

"न्हाई."

"कामून? सगळा तंबू रडायलाय म्हणं."

मी बैल सोडायला गेलो. सोमवारी स्वामी आले, जेवले, वहिनीच्या हातांकडे पाहिलं आणि निघून गेले. रुमाल खुंटीवरच राहिला. मुलीकडच्यांनी महिन्याभरात दुसरं स्थळ पाहिलं. भाऊ आला नाही, तो नाहीच.

तीन-चार वर्षांनी कचेरीच्या कामाला गुलबर्ग्याला गेलो, तर तोच सिनेमा तिथल्या पक्क्या थिएटरात लागलेला. तिथे डबे क्रमानं लागत होते. घरी येऊन वहिनीला एवढंच सांगितलं, की तो सिनेमा पुन्हा बघितला.

चूल फुंकत ती म्हणाली, "मग? त्यो आला?"

"आला."

"पुढं?"

"तेवढं बघितलं आन् उठलो."

तिनं चहा गाळला, कप माझ्याकडे सरकवला. हातात हिरव्याच बांगड्या होत्या.

"बरं केलं," ती म्हणाली.