डोक्यावरची पाटी, दुकानावरची पाटी

जुन्या कपड्यांवर भांडी देता देता द्वारकाचे केस पांढरे झाले, पण कुणाचा मत्सर करायला तिला कधी सवड झाली नव्हती. ज्यांच्या दारात जाऊन बसायचं त्या बायका फ्लॅटवाल्या. त्यांचं त्यांच्यापाशी. जळायला माणूस कसं, आपल्याच धंद्यातलं लागतं. ते तिला साठीला येऊन मिळालं.

धंदा बोहारणीचा. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्याला कपड्यांचं गाठोडं, आणि नारायण पेठेतल्या जिन्याजिन्यांत हाळी. कुणाची साडी, कुणाची पँट घ्यायची, त्यावर पातेलं किंवा डबा द्यायचा, आणि कपडे धुऊन, टाके घालून जुन्या बाजारात विकायचे. हल्लीच्या पोरांनी त्यातही गोंधळ करून ठेवलेला. गुडघ्यावर फाटलेली पँट तिनं एकदा बाजूला सारली, तर त्या घरचा मुलगा म्हणाला, "मावशी, ती फाटलेली नाही, तशीच विकत घेतलीय." नवी घेतानाच फाटकी घेणाऱ्याशी घासाघीस कशी करायची, हे काही तिला अजून उमगलेलं नाही.

तिचं हक्काचं दार म्हणजे पूर्णिमाताईंचं. दसऱ्याआधी एकदा आणि गुढीपाडव्याआधी एकदा. ताई आत पाटावर बसायच्या, द्वारका उंबऱ्याबाहेर जिन्याच्या फरशीवर. साड्यांचा गठ्ठा आतून बाहेर यायचा आणि मग दोघी मनसोक्त भांडायच्या.

"ही विरलीय ताई. हिच्यावर वाटी बी न्हाई यायची."

"विरली तुझी नजर. नीट बघ."

डब्यावर तडजोड झाली की ताई म्हणायच्या, "आणि वर?" वर एखादी गाळणी नाहीतर चमचा ठेवल्याशिवाय सौदा मिटत नसे. मग चहा. तोही उंबऱ्यावरूनच सरकवलेला.

दर खेपेला त्या गठ्ठ्यात एक इरकल यायची. जांभळी, तांबड्या काठाची. द्वारकानं हात लावला रे लावला की ताई ओढून घेत. "ही नाही हं. ही माझ्या आईची."

"द्यायची न्हाई तर दावता कशापायी?"

"तू मागतेस ना, म्हणून."

मागितलं जाण्यातच ताईंना गोडी होती, हे द्वारकाला कळत होतं. पण ती इरकल तिला विकायला नकोच होती. अंगाला लावून बघायची होती. आज ना उद्या ती आपल्याकडेच येणार, हे तिनं मनाशी पक्कं धरलेलं. या दारात दुसरी बोहारीण येते कुठली?

ती यंदा पाडव्याआधी आली. पाटीबिटी काही नाही, स्कूटरवरून.

द्वारकानं हाळी दिली तेव्हा ताई रिकाम्या हातानंच दारात आल्या. "अगं द्वारका, या वेळी काही नाही बघ. कपाट मोकळं झालं. आमच्या सुनेच्या, नम्रताच्या डोक्यात आलं, पसारा कमी करायचा. तिनंच एका मुलीला बोलावलं. शेफाली म्हणून आहे. कॉम्प्युटरची नोकरी सोडून शनिवार पेठेत जुन्या साड्यांचं दुकान काढलंय. इतकी गोड सांगू. दिवाणावर मांडी घालून बसली, कपाटातली एकेक साडी काढून तिची गोष्ट विचारली मला. व्हिडिओसुद्धा काढला."

"दिवाणावर बसली?"

"मग कुठे बसणार?"

इतक्या वर्षांत तिनं ते कपाट फक्त ऐकलेलं. दाराची करकर, किल्ल्यांचा खुळखुळाट. कुठल्या भिंतीला आहे, तेही तिला ठाऊक नव्हतं.

"आणि बदल्यात काय दिलं तिनं?"

"बदल्यात कसलं? मीच दिल्या. साडीला दुसरा जन्म मिळतो म्हणाली."

"इरकल बी?"

ताईंनी जरा दाराच्या कडीशी चाळा केला. "ती पण. व्हिडिओत रंग फार छान येतो म्हणाली."

त्या दिवशी पाटीतलं एकही भांडं खपलं नव्हतं, आणि जिना उतरताना पाटी नेहमीपेक्षा जड लागत होती. मला वर चमचा द्यावा लागतो आणि तिला सगळं कपाट फुकट, एवढंच द्वारकाच्या डोक्यात फिरत होतं. पाय आपसूक शनिवार पेठेकडे वळले.

दुकानावर पाटी होती. द्वारकाची शाळा दुसरीत सुटली, पण बसच्या पाट्या वाचून तिनं अक्षरं राखली होती. बो. हा. री. ण. तिनं पुन्हा एकदा लावून पाहिलं. तेच निघालं.

पुण्याला पाट्यांचं काय कौतुक, पण ही वाचून तिचे कान तापले. हा शब्द आजवर तिनं टोमण्यासारखाच ऐकलेला. गिऱ्हाइकाघरची पोरगी मोठ्यानं बोलली की तिची आई दटावायची, बोहारणीसारखी ओरडू नकोस. आणि इथं तोच शब्द पितळी अक्षरांत, वरून दिवा सोडलेला. एकीनं पाटी डोक्यावर वाहून मान मोडून घ्यायची आणि दुसरीनं ती दारावर टांगून मिरवायची.

आत तिशी-पस्तिशीची गर्दी. सगळी शिकलेली, सगळ्यांच्या खांद्याला कापडी पिशव्या. द्वारका जुना कपडा विकताना डाग घडीच्या आत लपवायची. इथं एक मुलगी डागावरून बोट फिरवून म्हणत होती, "हळदीचा असेल ना? किती क्यूट." तिची मैत्रीण सांगत होती की तिनं नवे कपडे घेणंच बंद केलंय, जगात कचरा फार झाला. सगळ्यांनी तिला शाबासकी दिली. द्वारकानं जन्मात नवं लुगडं घेतलं नव्हतं. तिला कुणी शाबास म्हटलेलं आठवत नव्हतं.

शेफाली तिच्या डोक्यावरची पाटी बघून धावतच आली. "मावशी, तुम्ही खऱ्या बोहारीण? ओ गॉड. बसा ना. एक फोटो काढू?"

"फोटो मागनं. नोकरी कशापायी सोडली?"

"बोअर झालं, मावशी. दिवसभर स्क्रीन. म्हटलं, काहीतरी मनासारखं करावं."

खुर्चीत टेकून द्वारका विचार करत राहिली. हिला कंटाळा आला म्हणून ही बोहारीण झाली. मला कंटाळा आला असता तर मी कोण झाले असते? पोरगी उर्मट असती तर बरं झालं असतं, चार शब्द सुनावून उठता आलं असतं. ही तर पाणी घेऊन उभी. तेच जास्त झोंबलं.

मागच्या भिंतीवर इरकल लटकत होती.

"ती उद्या कटिंगला जाणार," शेफाली म्हणाली. "दोन मस्त जॅकेट होतील."

"कापणार?"

"साडी म्हणून कोण नेसतंय आता?"

"मी," द्वारका म्हणाली. "काढ खाली."

पदर उजेडाला धरून तिनं सवयीनं बोट ठेवलं. "हितं विरलीय." मग पाटीतलं झाकणाचं पातेलं काढून काचेच्या टेबलावर ठेवलं. "ह्यावर दे."

"मावशी, आमच्याकडे फिक्स रेट असतो हो."

"बोहारणीकडं फिक्स रेट? मग पाटी बदल."

गिऱ्हाइकं खुदकन हसली. शेफालीचा चेहरा लाल झाला. मग ती चक्क खाली फरशीवर बसली. पातेलं मांडीत घेऊन तिनं बुडाला टिचकी मारली. "पातळ आहे."

"पातळ? वरवंटा आपट त्यावर."

"डबा पण पाहिजे."

"त्यो लहान घे."

"मोठा."

मोठाच द्यावा लागला. द्वारका साडी उचलायला गेली, तर शेफालीनं काठ धरून ठेवला. "आणि वर?"

"हे कुठं शिकलीस?"

"पूर्णिमा काकूंनी सांगितलंय. वर घेतल्याशिवाय सोडायचं नाही."

द्वारकानं गाळणी ठेवली. बाहेर पडल्यावर तिनं मान वर करून ती पितळी अक्षरं पुन्हा बघितली. जळजळ काही गेली नव्हती. पण इरकल गाठोड्यात, सगळ्यात वर होती.

पाडव्याला ती इरकल नेसून पूर्णिमाताईंच्या दारात गेली. पाटी घरी ठेवली होती.

ताई बघतच राहिल्या. "अगं, ही तर..."

"व्हय. दुसरा जन्म."

ताईंनी काठ चिमटीत धरला. "मी कधी नेसलेच नाही गं. नुसती जपली. कशी खुललीय तुला." बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला आणि नजर पदरावरून हलेना. ती नजर द्वारकाच्या चांगली ओळखीची होती. दर खेपेला उंबऱ्याबाहेर बसून तिनं स्वतः तशीच लावलेली.

"बाहेर काय उभी? आत ये. दिवाणावर बस."

द्वारका आत गेली. कपाट डाव्या भिंतीला होतं. साधंच, लोखंडी, एका कोपऱ्यात पोचा आलेलं. दिवाणावर बसून तिनं पदर नीट पसरला.

ताई शेजारी टेकल्या. "परत देशील का मला? काय म्हणशील ते देते."

द्यायची नव्हतीच. पण मागितलं जाण्यात गोडी असते, हे तिला ताईंनीच तर दाखवलं होतं. तिनं घाई केली नाही. चहा येऊ दिला, दोन घोट घेतले, कप दिवाणावरच ठेवला.

"बघू की ताई," ती म्हणाली. "पयलं सांगा, काय देताय. आणि वर?"