करंटनं गेलेली कॅसेट

शाळेत सहावीच्या गणिताच्या वह्या तपासत होते, तेव्हा शिपायानं येऊन सांगितलं की नवनगरहून फोन आहे. नवनगर म्हणजे माहेर, म्हणजे आई, आणि आईचा शाळेत फोन म्हणजे अण्णानं काहीतरी करून ठेवलेलं असणार, ही माझी जुनी समजूत. त्यामुळं उठले ती वैतागूनच. फोनवर शेजारच्या काकू होत्या. अण्णाला दुकानातच छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... त्या कन्नडमध्ये रडत सांगत होत्या आणि मी मराठीत ‘कोण? कोण?’ असं विचारत होते. अंगातला वैताग तसाच होता. खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही. तीस हे काय जायचं वय आहे? आणि माझं त्याच्याशी एक बोलणं राहिलं होतं. चौदा वर्षं राहिलं होतं.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, मिलिंद. हुबळीत कोप्पीकर रोडवर आमचं कापडाचं दुकान, आधी अप्पांचं, अप्पांनंतर त्याचं. तो नववीत असताना अप्पांनी त्याला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणून दिला. त्यात प्लास्टिकची एक चपटी कॅसेट खोचायची, की पडद्यावर मशाल घेतलेला एक बुटका शिपाई किल्ल्याच्या पायऱ्या चढायला लागायचा. खेळाचं नाव जपानीत होतं, ते आम्हाला कधीच वाचता आलं नाही. आम्ही त्याला नुसतं ‘शिपाई’ म्हणायचो. एक मजला पार केला की पडद्यावर आकड्यांची ओळ यायची. ती इतिहासाच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्यायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिथून पुढं खेळता यायचं. आकडे वाचून दाखवायचं काम माझं. मला गणिताची गोडी लागली ती तिथं, त्याच्या पाठीमागं जमिनीवर बसून, असं मी माझ्या वर्गातल्या मुलांना सांगते तेव्हा त्यांना ती थाप वाटते.

तो दहावी होऊन कॉलेजात गेला त्या वर्षी, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, शेवटच्या मजल्याचे आकडे मिळाले. दुसऱ्या दिवशी दुकान बंद, कॉलेज बंद, शिपाई गच्चीवर पोचणार म्हणून अण्णा घरभर नाचत होता. पण खंडेनवमीला आमच्याकडं ज्याचं जे हत्यार ते पूजेला मांडायचं. कापड मोजायचा गज, कात्र्या, आईचं शिलाई मशीन. एकदा मांडलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही. अप्पा थट्टेनं म्हणाले, ह्याचं आयुध ते टीव्हीखाली आहे, ते पण मांडा. आईला थट्टा कळली नाही, तिनं मांडलं. अण्णा दिवसभर तोंड फुगवून बसला. कुंकू लावायचं काम माझ्याकडं होतं. मी बारा वर्षांची. कॅसेटच्या उघड्या तोंडाशी सोनेरी दातांची एक बारीक ओळ होती. एवढी देखणी जागा सोडून पाठीच्या काळ्या प्लास्टिकला कुंकू लावणं काही मला पटेना. ओलं कुंकू बोटभर घेऊन मी त्या दातांना लावलं, वर अक्षता चिकटवल्या, आणि पहिल्यांदा पूजा नीट झाली असं समाधान मानून घेतलं.

दसऱ्याच्या सकाळी त्यानं कॅसेट उचलली, नेहमीसारखी फुंकर मारली आणि खोचली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. काढली, फुंकर, परत खोचली. परत मुंग्या. अप्पा म्हणाले, परवा करंट जास्त आला असणार. अण्णानं कॅसेट खिडकीशी नेली आणि उजेडात धरून बराच वेळ बघितली. मी दाराशी होते, कुंकू कुठं लावलं ते मला माहीत होतं. मग तो म्हणाला, “करंटच.” संपला विषय. तसली कॅसेट हुबळीत पुन्हा मिळाली नाही.

तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. दुसऱ्या वर्षी ते हसण्यावारी नेता आलं असतं, तेव्हाही नाही. आणि मग बोलणं अवघड होत गेलं, कारण अण्णाचं मन कशातच रमेना. नवे गेम आले, पुढं कॉम्प्युटर आला. तो आणायचा, खेळायचा, संपवायचा. कसा होता रे, विचारलं की म्हणायचा, “ठीक. शेवट बघितला, विकून टाकला.” धारवाडचा पेढा ‘ठीक’, सिनेमा ‘ठीक’, बघायला गेलेली मुलगी ‘चांगली आहे, पण...’ आई डोळ्याला पदर लावायची. मी मनाशी पक्कं धरलं होतं की ह्या माणसाला त्या एका गच्चीपर्यंत पोचू दिलं असतं, तर ह्याला जगात गोडी राहिली असती. माझे यजमान हसायचे. एवढ्याशा कुंकवानं कुणाचं आयुष्य बिघडत नाही, म्हणायचे. त्यांना काय जातंय म्हणायला!

तो गेला त्याच्या दोन आठवडे आधी मी ब्लाउजचं अस्तर आणायला दुकानात गेले होते. गिऱ्हाईक नव्हतं. आज बोलायचंच, असं मळमड्डीतल्या माझ्या घरून निघतानाच ठरवलेलं. तो गजानं अस्तर मोजत होता. मी म्हटलं, अण्णा, ती तुझी शिपायाची कॅसेट...

“अगं, बिडु की,” तो मान वर न करता म्हणाला. “करंटनं गेली ती.”

‘बिडु’ म्हणजे सोड. मी सोडलं. घरी येऊन बघते तर अस्तर पाव मीटर जास्त कापलेलं.

चौदावा झाल्यावर दुकानासाठी गदगच्या विणकरांचा पत्ता हवा होता, म्हणून त्याचा कॉम्प्युटर लावला. समोर उघडलं ते व्हिडिओ गेमवाल्यांचं फोरम. बेंगळुरूपासून पुण्यापर्यंतची पोरं तिथं खेळांवर वाद घालत बसतात, इंग्रजी, कन्नड, मराठी, सगळं रोमन लिपीत कालवून. त्यात आमचा अण्णा ‘मुदुक’ ह्या नावानं सहा वर्षं लिहीत होता. मुदुक म्हणजे म्हातारा. नाव घेतलं तेव्हा हा चोवीस वर्षांचा! पोरं त्याला ‘अज्जा’ म्हणत होती. मी शेवटच्या पोस्टपासून उलटं वाचत सुटले. रोज शाळा सुटली की बस धरून नवनगर, स्वयंपाक तसाच टाकून. आई मागं येऊन उभी राहायची आणि विचारायची, काय म्हणतोय तो?

काय म्हणत नव्हता! घरी दोन शब्दांवर तिसरा न काढणारा हा माणूस तिथं पानंच्या पानं बोलत होता. एका नव्या खेळाबद्दल: ‘दिसायला रेशीम, एका धुण्यात रंग जातो.’ दुसऱ्याबद्दल: ‘साठ तासांचा खेळ म्हणे. साठ मीटर कापड आहे, पण त्यात सदरा एक होत नाही.’ गुण द्यायचा पाचापैकी दीड, वर खुलासा, ‘एक मार्क झोप चांगली लागली त्याचा.’ एवढा कंटाळा येतो तर खेळतोस कशाला, असं एकानं विचारलं, तर ह्याचं उत्तर, ‘देवळात रोज जाणाऱ्याला विचारतोस का, देव भेटला का म्हणून?’ मला हसू यायचं आणि लगेच संताप यायचा. परक्यांना एवढं सगळं, आणि आम्हाला ‘ठीक’?

पण नवख्या कुणी अडचण विचारली की हाच मुदुक कसा ओळीनं, न कंटाळता, मास्तरासारखा समजावून सांगायचा. असाच एकानं प्रश्न केला होता, जुनी कॅसेट चालत नाही, काय करू? अण्णानं लिहिलं होतं: ‘फुंकर मारू नकोस, थुंकी जाते. धूळ असेल तर कोरडा कापूस. गंज असेल तर खोडरबर हलक्या हातानं. कुंकू गेलं असेल तर उपाय नाही, मी वर्षभर करून बघितलंय.’

मी खुर्चीवरून उठले. घरभर दोन फेऱ्या मारल्या. आईला पाणी विचारलं, तिला नको होतं. परत येऊन बसले.

कुंकू कसं गेलं, असं पोरांनी विचारलं होतं. त्यानं सांगितलं होतं: ‘आमच्याकडं आयुधांना लावतात. माझ्या तंगीनं लावलं.’ तंगी म्हणजे धाकटी बहीण. ‘कॅसेटमधली सगळ्यात देखणी जागा शोधून लावलं. तिला अजून वाटतं मला माहीत नाही. बारा वर्षांची होती, आणि भक्तीनं लावलं होतं. मी बोललो असतो तर परत कशाला कुंकू लावताना तिचा हात अडखळला असता.’ एकानं चिडवलं होतं, म्हणजे अज्जाला पसंत असलेल्या एकुलत्या एक खेळाचा शेवट अज्जानं बघितलाच नाही? त्यावर अण्णा: ‘ज्यांचा बघितला ते सगळे विकले. हा ठेवलाय.’

इतकी वर्षं दोघंही एकमेकांना जपत करंटला शिव्या देत होतो... मला त्याचा राग आला. अजून येतो. गजावरून एकदा मान वर केली असतीस तर काय बिघडलं असतं, अण्णा?

फोरमवर पोरं विचारत होती, अज्जा कुठं आहे, नव्या खेळाला शिव्या घालायला कुणी नाही. चार दिवस मला लिहिता आलं नाही. मग लिहिलं, मुदुकची तंगी बोलतेय, मुदुक गेला. बोटं तिथं थांबायला हवी होती. पण पुढं लिहिलं, कुंकू मी लावलं होतं. ज्याला सांगायचं त्याला नाही, तर ह्यांना तरी. थोड्या वेळानं पहिलं उत्तर आलं, कुणा अनोळखी पोराचं, दोनच शब्दांचं: ‘गोत्तु, अक्का.’ माहीत आहे, अक्का.

कॅसेट त्याच्या टेबलाच्या खणात सापडली, अस्तराच्या तुकड्यात गुंडाळलेली. कालच खंडेनवमी झाली. वर्षाच्या आतलं मरण, म्हणून यंदा आमच्याकडं सण नाही. गज, कात्र्या, मशीन, सगळी आयुधं जिथल्या तिथं कोरडीच राहिली, कशालाही कुंकू लागलं नाही. मी कॅसेट खिडकीशी नेऊन उजेडात धरली. सोनेरी दातांच्या फटीत, अगदी आत, ते अजून आहे.